वाळूचा हजेरीपट

(शाळेच्या हीरक महोत्सवी समारंभात, किनारा-सर्वेक्षणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या एका माजी विद्यार्थिनीने दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



हीरक महोत्सवाच्या या व्यासपीठावरून बोलण्याची संधी शाळेने मला दिली, हा मी माझा बहुमान समजते. “आठवणींची भाषणे बाकीचे करणारच आहेत, तू तुझ्या कामाविषयी बोल,” असे बाईंनी मला आधीच बजावून ठेवले होते. त्या आज्ञेला अनुसरून आज मी वाळूविषयी बोलणार आहे. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू कोठून येते, कोठे जाते, ती मोजायची कशी, आणि मोजली नाही तर त्याची किंमत कोण मोजतो, एवढाच माझा विषय आहे.

हैदराबादकरांना समुद्राशी काय कर्तव्य, असे कोणाच्या मनात येईल. आपल्याकडे सागर म्हणावा असा एक हुसेनसागर, आणि त्यालाही भरती-ओहोटी नाही. तरीही देशाच्या समुद्रावर अहोरात्र नजर ठेवणारे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र आपल्याच शहरात आहे. १९९९ साली स्थापन झालेल्या या केंद्रातून उंच लाटांचे इशारे दिले जातात, आणि २००७ पासून त्सुनामीची पूर्वसूचना देणारी यंत्रणाही येथूनच चालते. म्हणजे समुद्रापासून शेकडो कोस दूर बसूनही समुद्राची नोंद ठेवता येते, याचा दाखला आपल्या दाराशीच आहे.

दुसरा धागा त्याहून जुना आहे. आपल्यापैकी बहुतेकांची मुळे गोदाकाठची. कोणाचे आजोळ नांदेडचे, कोणाचे घराणे पैठणचे, कोणाचे कुलोपाध्याय त्र्यंबकेश्वरी. ती गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते, सुमारे १,४६५ किलोमीटर चालते, राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला येते आणि तेथून गौतमी आणि वसिष्ठा अशा मुख्य शाखांनी बंगालच्या उपसागराला मिळते. आपण रात्री ज्या गौतमी एक्स्प्रेसने काकिनाड्याला जातो, तिचे नाव यातल्याच एका शाखेचे. नदीने सोबत आणलेला गाळ आणि रेती मुखाशी पडते. बारीक गाळातून त्रिभुज प्रदेशाची सुपीक जमीन आणि कोरिंगाचे खारफुटीचे जंगल तयार झाले. जड रेती मात्र लाटांच्या हाती लागते. लाटांनी त्या रेतीचे काय केले, हे पाहायचे असेल तर काकिनाड्याच्या समोर समुद्रात पसरलेल्या होप बेटाकडे पाहावे.

होप बेट म्हणजे वाळूचा एक लांबलचक दांडा. शालेय भूगोलात ‘वाळूचा दांडा’ आणि ‘खाजण’ हे शब्द आपण पाठ केले होते. त्यांचे इतके स्वच्छ उदाहरण आपल्या किनाऱ्यावर क्वचितच सापडेल. गौतमीच्या मुखापासून निघून हा दांडा उत्तरेकडे सुमारे १६ किलोमीटर गेला आहे, आणि तो गेल्या सुमारे दोनशे वर्षांत वाढलेला आहे. भूगर्भशास्त्राच्या घड्याळात दोनशे वर्षे म्हणजे डोळ्यांची उघडझाप. दांड्याच्या पूर्वेला खुला उपसागर, पश्चिमेला काकिनाड्याचा शांत, उथळ उपसागर. अशा रचनेला रोधक दांडा किंवा रोधक बेट म्हणतात. खुल्या समुद्राच्या लाटा आधी दांड्यावर येऊन फुटतात, म्हणून आतल्या बाजूला जहाजांना नांगर टाकता येतो, खारफुटी वाढते, कोळंबी आणि मासळी पोसली जाते. सागरी कासवेही या वाळूत अंडी घालण्यासाठी येतात.

या किनाऱ्यावर अशा आडोशाची किंमत काय आहे, हे इतिहास सांगतो. नोव्हेंबर १८३९ च्या वादळाने जवळचे कोरिंगा बंदर उद्ध्वस्त केले. अलीकडचे म्हणाल तर ६ नोव्हेंबर १९९६ रोजी काकिनाड्याच्या दक्षिणेस धडकलेल्या चक्रीवादळात हजाराहून अधिक माणसे गेली. तेव्हा समोरचा वाळूचा दांडा रुंद होतो आहे की बारीक, पुढे सरकतो आहे की मध्येच फुटण्याच्या बेतात आहे, हा प्रश्न किनाऱ्यावर राहणाऱ्या हजारो कुटुंबांच्या जिवाचा आहे.

आता ही वाळू हलते कशी, ते पाहू. लाटा किनाऱ्याला क्वचितच समोरून येतात, बहुधा तिरप्याच येतात. तिरपी लाट वाळूचा कण उचलून तिरपा वर चढवते. पाणी परतताना मात्र उताराने सरळ खाली येते. पुढची लाट त्याच कणाला पुन्हा तिरपे वर नेते. करवतीच्या दातांसारख्या या वाटेने कण किनाऱ्याकिनाऱ्याने प्रवास करत राहतो. आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात लाटा दक्षिणेकडून येतात आणि वाळू उत्तरेकडे ढकलतात. हिवाळ्यात ईशान्येकडचे वारे तिला काही प्रमाणात उलट फिरवतात. वर्षाचा हिशेब केला की पारडे उत्तरेकडेच झुकते. ही वाळू थोडीथोडकी नसते. ओडिशाच्या किनाऱ्यावरून वर्षाकाठी सुमारे १० लाख घनमीटर वाळू उत्तरेकडे जाते, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. दहा घनमीटरचा एक ट्रक धरला तर त्या एक लाख खेपा झाल्या. दांडा उत्तरेकडे का वाढला, याचे उत्तर या एका आकड्यात आहे.

दुसरी हालचाल किनाऱ्याला काटकोनात होते. पावसाळ्यातल्या उंच, दाट लाटा पुळणीची वाळू ओढून समुद्रात थोड्या अंतरावर नेऊन ठेवतात. त्या वेळी पुळण अरुंद आणि खडी दिसते. वारे शांत झाले की लांबट, संथ लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. आपण सहलीला विशाखापट्टणमला जानेवारीत गेलो तर समुद्राने जमीन वाढवून दिली असे वाटते, ऑगस्टात गेलो तर समुद्र गाव गिळायला निघाला आहे असे वाटते. दोन्ही वेळी डोळ्यांना दिसले ते खरेच असते, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकतो.

तिसरी हालचाल वादळाची. उधाणाचे पाणी दांड्यावरून पलीकडे जाते तेव्हा समुद्राच्या बाजूची वाळू आतल्या बाजूला नेऊन टाकते. समुद्राकडची कड मागे येते, आतली कड पुढे सरकते, आणि अख्खे बेट जणू कूस बदलल्यासारखे जमिनीकडे सरकते. बेटावर पक्के बांधकाम करणाऱ्याला हा नाश वाटतो. बेटाच्या दृष्टीने जगण्याची हीच रीत आहे. रोधक बेट जागचे हलत नाही असे झाले, तर चढत्या समुद्रापुढे ते टिकणार नाही.

या तिन्ही हालचाली ध्यानात घेतल्या की एक गोष्ट स्पष्ट होते. किनाऱ्यावरची वाळू म्हणजे चालू खाते. नदी भरणा करते, लाटा रक्कम एका गावाच्या खात्यातून दुसऱ्या गावाच्या खात्यात वळती करतात, वादळ एकदम मोठी उचल करते. कोणत्याही एका दिवसाची शिल्लक पाहून खाते बुडते आहे की वाढते आहे, हे सांगता येत नाही. त्यासाठी पासबुक लागते, आणि ते वर्षानुवर्षे भरलेले असावे लागते.

गोदावरीच्या खात्यात भरणा घटला आहे. आंध्र विद्यापीठातील अभ्यासकांनी नदीच्या गाळाच्या नोंदी तपासल्या तेव्हा असे दिसले की, १९७० च्या दशकात नदी वर्षाला सरासरी १५ कोटी टन गाळ खाली आणत होती, आणि १९९० च्या दशकात हे प्रमाण सुमारे ५ कोटी ७० लाख टनांवर आले होते. मधल्या काळात नदीवर आणि तिच्या उपनद्यांवर धरणे झाली. त्यातले एक आपल्या पैठणचे जायकवाडी. धरणांनी मराठवाड्याला आणि तेलंगणाला पाणी दिले, त्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार त्या पाण्यावर वाढलेल्या आपल्यासारख्यांना नाही. पण पाणी अडते तेथे गाळही अडतो. त्याच अभ्यासात १९७६ ते २००१ या पंचवीस वर्षांत गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाच्या किनाऱ्याने सुमारे १८ चौरस किलोमीटर जमीन निव्वळ गमावल्याचे दिसून आले. पैठणला अडलेला गाळ आणि उपसागरात गेलेली जमीन एकाच वहीच्या दोन बाजू आहेत. ही वही कोणी तरी ठेवली म्हणून आपल्याला त्या दोन्ही एकत्र वाचता आल्या.

काकिनाड्याच्या उत्तरेला उप्पाडा नावाचे गाव आहे. या सभागृहातल्या भगिनींना ते नाव वेगळे सांगायला नको. आज येथे नेसून आलेल्या साड्यांत दोन-चार तरी उप्पाडा जामदानी असतीलच. त्या साड्या विणणाऱ्यांचे आणि मासेमारांचे हे गाव अनेक दशके समुद्राला तुकड्यातुकड्याने देत आले आहे. तेथील कोणत्याही वयस्क माणसाला जुनी आळी कोठे होती असे विचारले, तर तो पाण्याकडे बोट दाखवतो. काकिनाडा ते उप्पाडा हा किनारी रस्ता वादळागणिक खचतो आणि पुन्हा बांधला जातो. कारणे एकाहून अधिक आहेत. वाढत्या दांड्यामुळे लाटांची दिशा आणि जोर बदलला, बंदराची बांधकामे आली, नदीचा गाळ घटला. यातल्या कोणत्या कारणाचा वाटा किती, हे ठरवल्याशिवाय उपाय ठरत नाही. येथे दगड टाकून पाहिले, भूवस्त्राच्या मोठ्या नळ्यांत वाळू भरून बांधही घातला. समुद्राने तो जागोजागी फोडला.

बंधाऱ्याविषयी दोन शब्द बोलणे आवश्यक आहे, कारण कोणत्याही किनाऱ्यावर पहिली मागणी बंधाऱ्याची होते, आणि ज्याच्या अंगणात लाटा येतात त्याने ती करणे स्वाभाविक आहे. बंधारा आपल्या मागची जमीन काही काळ राखतो. पण भिंतीवर आपटलेली लाट परतताना पायथ्याची वाळू उकरते, म्हणून भिंतीपुढची पुळण नाहीशी होते. मच्छीमाराला होडी ओढून ठेवायला आणि जाळी वाळवायला जागा उरत नाही. शिवाय उत्तरेकडे जाणाऱ्या वाळूला त्या पट्ट्यातून मिळणारी भर थांबते आणि भिंत संपते तेथे पुढच्या गावाची झीज वाढते. समुद्रात काटकोनात घातलेली भिंत तर वाळू अडवण्याचेच काम करते. चेन्नईचे बंदर १८७० च्या दशकात बांधायला घेतले गेले. त्याच्या दक्षिणेला वाळू साचून मरीनाची रुंद पुळण झाली, आणि उत्तरेला रोयापुरमच्या बाजूला किनारा झिजत गेला. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहणाऱ्या लोकांनी तिच्याविषयी एकमेकांशी बोलावे तरी काय!

विशाखापट्टणमला निराळी वाट चोखाळली गेली. तेथे बंदराच्या तोंडाशी वाळू साचू नये म्हणून सुरुवातीला दोन जुनी जहाजे बुडवून लाटरोधक बनवला होता. पुढे बंदराच्या दक्षिणेला वाळू पकडण्याची जागा केली गेली. तेथे साचलेली वाळू उपसून बंदराच्या उत्तरेला, रामकृष्ण बीचवर सोडतात. भिंतीने अडवलेला प्रवास यंत्राने पुरा करून द्यायचा, असा हा प्रकार. हे काम एकदा करून भागत नाही, सतत करावे लागते. किती वाळू उचलायची आणि कोठे टाकायची, हे मोजमापाशिवाय ठरत नाही.

मोजमापाच्या जोरावर घेतलेल्या निर्णयाचे आपल्या देशातले उत्तम उदाहरण ओडिशातील चिलिका सरोवराचे आहे. चिलिका आणि उपसागर यांच्यामध्येही वाळूचा मोठा दांडा आहे. उत्तरेकडे वाहणाऱ्या वाळूमुळे सरोवराचे तोंड दूर सरकत गेले आणि अरुंद झाले. खारे पाणी आत येईना, पाणवनस्पती माजल्या, मासळी घटली. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीतील या सरोवराला १९९३ साली संकटग्रस्त पाणथळींच्या नोंदीत टाकावे लागले. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि पुण्याजवळ खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र यांनी लाटा, प्रवाह, वाळू यांचा अभ्यास केला. दांडा नेमका कोठे कापावा हे त्या अभ्यासातून ठरले, आणि २३ सप्टेंबर २००० रोजी नवे तोंड खोदण्यात आले. १९९९-२००० साली पावणेदोन हजार टनांच्या आसपास असलेले मासळीचे उत्पन्न दोन वर्षांत सुमारे बारा हजार टनांपर्यंत गेले. २००२ साली चिलिकाचे नाव संकटग्रस्तांच्या नोंदीतून निघाले.

या कथेचा पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. खोदलेले तोंडही वाळूबरोबर सरकू लागले. ऑगस्ट २००८ मध्ये समुद्राने स्वतःच उत्तरेला आणखी एक तोंड उघडले, आणि मे २०१९ च्या फनी चक्रीवादळाने दांडा पुन्हा नव्या जागी फोडला. म्हणून तेथे मोजणी अजून चालू आहे. रुग्णाला एकदा औषध लागू पडले म्हणून नाडी पाहणे थांबवत नाहीत.

आता प्रत्यक्ष मोजणी कशी करतात, हे सांगते. त्यात अवघड असे फार थोडे आहे.

पहिली गरज स्थिर खुणेची. लाटा पोचणार नाहीत अशा ठिकाणी एक खांब किंवा एखाद्या जुन्या इमारतीचा कोपरा निश्चित करतात. तेथून समुद्राकडे ठरलेल्या दिशेने चालत जायचे आणि जमिनीची उंची टप्प्याटप्प्याने नोंदवायची. यातून पुळणीचा छेद मिळतो. पुढच्या खेपेला त्याच खुणेपासून, त्याच दिशेने, पुन्हा तेच. दोन छेद एकमेकांवर ठेवले की मधल्या काळात किती वाळू गेली वा आली, ते दिसते. आज हे काम उपग्रहांच्या मदतीने काही सेंटिमीटरपर्यंत अचूक करणारी उपकरणे आहेत, ड्रोन आहेत. पण १९६१ साली के. ओ. एमरी या अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञाने एक इतकी सोपी पद्धत सांगितली की ती आठवीच्या मुलांनाही जमावी. सारख्या उंचीच्या दोन काठ्या घ्यायच्या, साधारण दीड मीटरच्या. त्यांवर वरून खाली सेंटिमीटरच्या खुणा करायच्या. एक काठी जमिनीच्या बाजूला, दुसरी समुद्राच्या बाजूला, मध्ये मोजलेल्या दोरीचे अंतर. मागच्या काठीजवळ उभे राहून पुढच्या काठीचे टोक आणि क्षितिज एका रेषेत आणायचे. ती रेषा मागच्या काठीवर ज्या खुणेला छेदते, तेवढा उतार. मग मागची काठी पुढे, आणि पाण्याच्या कडेपर्यंत असेच. येथे क्षितिज हीच आपली पाणसळ. तिला ना बॅटरी लागते ना भाडे.

उपग्रहांची चित्रे असताना काठ्या कशाला, असे मुले विचारतात. प्रश्न योग्य आहे. १९७२ पासूनची चित्रे आज उपलब्ध आहेत, आणि त्यांच्याशिवाय देशाच्या किनाऱ्याचे एकत्रित चित्र आपल्याला मिळाले नसते. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळाचा अभ्यास करून दाखवले की, आपल्या मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकी सुमारे ३४ टक्के किनारा झिजतो आहे, सुमारे २७ टक्के वाढतो आहे आणि उरलेला साधारण स्थिर आहे. पण चित्रात दिसते ती पाण्याची कड. समजा पुळणीचा उतार वीस मीटरला एक मीटर आहे. भरतीच्या पाण्याची पातळी एका मीटरने वेगळी असेल, तर पाण्याची कड वीस मीटर सरकलेली दिसेल, आणि वाळूचा एक कणही हललेला नसेल. शिवाय वरून रुंदी दिसते, जाडी दिसत नाही. म्हणून आकाशातून पाहणाऱ्याला जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या वहीची गरज असतेच.

वनस्पतीही साक्ष देतात. पुळणीवर जांभळ्या फुलांची एक वेल पसरते. कोकणात तिला ‘मर्यादवेल’ म्हणतात. समुद्राची मर्यादा दाखवते ती मर्यादवेल, असे नाव ठेवणाऱ्या अनाम माणसाने भरतीरेषा ओळखण्याची एक पद्धतच भाषेत साठवून ठेवली. कड तुटून या वेलीची मुळे हवेत लोंबकळताना दिसली, तर समुद्राने अलीकडेच मर्यादा ओलांडली आहे असे समजावे. अशी तुटकी कड दिसली की आम्ही तिची उंची, तारीख आणि छायाचित्र यांची नोंद करतो.

या साऱ्या कामाचा प्राण सातत्यात आहे. एका वर्षाची नोंद म्हणजे कुतूहल. पाच वर्षांच्या नोंदींतून ऋतूंची ये-जा कळते. दहा-पंधरा वर्षांनंतर खरी झीज आणि तात्पुरती झीज वेगळी काढता येते. तेव्हाच एखाद्या गावाला सांगता येते की, तुमची पुळण परत येईल, धीर धरा, किंवा हे परत येणार नाही, घरे मागे घेण्याची तयारी आताच करा. पहिले चुकून दुसऱ्याला सांगितले तर घरे जातात. दुसरे चुकून पहिल्याला सांगितले तर गाव विनाकारण उठते. या दोन वाक्यांमधला फरक नोंदवहीत असतो. दुर्दैवाने अशा वह्या मध्येच तुटतात. प्रकल्प संपतो, माणूस बदलतो, खुणेचा खांब कोणी उखडून नेतो. किनारा मोजणाऱ्यांची सर्वांत मोठी अडचण उपकरणांची नाही. पंधरा वर्षे न चुकता तेथे जाणाऱ्या माणसांची आहे.

न चुकता नोंद ठेवण्याचे काम शाळेहून चांगले कोणाला येते? साठ वर्षे रोज सकाळी या इमारतीत हजेरी घेतली गेली. ती घेणारे शिक्षक बदलले, नावे बदलली, पट थांबला नाही. म्हणून माझा एक प्रस्ताव आहे, आणि आजच्या भाषणाचे प्रयोजनही तेच आहे.

दरवर्षी जानेवारीत आठवीच्या वर्गाने काकिनाड्याला जावे. होप बेट अभयारण्याच्या हद्दीत येते, तेथे आपण जाणार नाही. काकिनाडा ते उप्पाडा या पट्ट्यात, स्थानिक अधिकाऱ्यांना आणि गावकऱ्यांना विचारून, तीन जागा निश्चित कराव्यात. ओहोटीच्या वेळी, शिक्षकांच्या देखरेखीखाली, बांबूच्या दोन काठ्यांनी तीन छेद घ्यावेत. एकाच जागेवरून एकाच दिशेला छायाचित्र काढावे. तारीख, वेळ, भरतीची स्थिती, वाचने आणि मोजणाऱ्यांच्या सह्या एका वहीत लिहाव्यात, आणि ती वही शाळेच्या ग्रंथालयात राहावी. दरवर्षी जानेवारीच, कारण जानेवारीची तुलना जानेवारीशीच करता येते. कॅरिबियन बेटांतील शाळांनी युनेस्कोच्या ‘सँडवॉच’ उपक्रमात असेच काम केले आहे, आणि पुढे तो उपक्रम अनेक देशांत पोचला. तेव्हा मुलांच्या मोजणीला कोणी हसेल, अशी शंका मनात नसावी. भूगोलाच्या सरांना यात धडा मिळेल, गणिताच्या बाईंना आलेख मिळेल, आणि परतताना धवळेश्वरमला गोदावरीचे दर्शन घेतले तर आजी-आजोबाही प्रसन्न होतील.

खर्च आगगाडीच्या भाड्याचा आणि एका मुक्कामाचा. समोर बसलेल्या माजी विद्यार्थ्यांना मी स्पष्टच विचारते, हा भार आपण उचलू या का? पहिल्या पाच वर्षांच्या काठ्या, दोऱ्या, वह्या आणि पहिल्या सहलीचे मार्गदर्शन माझ्याकडे लागले.

पालकांना मात्र मी याहून मोठी गोष्ट मागते आहे. शाळेचा अमृत महोत्सव आजपासून पंधरा वर्षांनी येईल. तोपर्यंत वहीत पंधरा जानेवारींची पाने भरलेली असावीत, तर आठवीचा मराठी वर्ग त्या प्रत्येक वर्षी भरला पाहिजे. या शहरात मराठी माध्यमाच्या तुकडीत मूल घालणे दिवसेंदिवस कठीण निर्णय होत चालला आहे, हे मी जाणते. तो निर्णय घेताना पालकांना किती बाजूंनी विचार करावा लागतो, याचीही मला कल्पना आहे. मी कोणाला उपदेश करणार नाही. एवढेच सांगते की, मी आज जे काम करते त्यातले पहिले शब्द मला या शाळेने दिले. भरती, ओहोटी, उधाण, पुळण, खाजण, दांडा हे शब्द समुद्र पाहण्याच्या कितीतरी आधी मी येथल्या बाकावर शिकले. पुढे इंग्रजी ग्रंथ वाचताना प्रत्येक नव्या संज्ञेला टेकायला घरची भिंत होती.

वहीच्या पहिल्या पानावर पहिल्या वर्षीची मुले सह्या करतील. पंधराव्या वर्षीची मुले त्या सह्यांशेजारी आपली वाचने लिहून वजाबाकी करतील. त्या वजाबाकीचे उत्तर उप्पाड्याच्या एखाद्या विणकराला उपयोगी पडावे, अशी माझी इच्छा आहे.